खाल्लेलं अंगी लागतं म्हणजे काय?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जेवणानंतरचं पहिलंच सत्र संयोजकांनी माझ्या गळ्यात घातलं आहे. वर बजावलं, "डॉक्टर, तब्येतीवर बोला, पण घाबरवू नका." समोर बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि श्रीखंड आहे. त्यामुळे विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. या जेवणाचं आता पुढे काय होणार, तेवढंच सांगतो. कोणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही. शाळेतही त्या तासाला आपण तेच करायचो.

हा विषय आपल्याला शिकवलेला आहे. 'पचनसंस्थेची आकृती काढून भागांना नावे द्या' हा प्रश्न हमखास यायचा आणि यकृत डावीकडे की उजवीकडे यात हमखास अर्धा गुण जायचा. (उजवीकडे, मित्रांनो. रुग्णाच्या उजवीकडे.) आकृती पाठ झाली, पण तिच्यात एक गोष्ट दिसत नसे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत ही एक लांबलचक नळी आहे आणि त्या नळीची पोकळी खरं तर शरीराच्या बाहेरच असते. लहान मूल नाणं गिळतं आणि ते बहुतेक वेळा दोन-चार दिवसांनी जसंच्या तसं बाहेर पडतं. ते नाणं शरीरात कधी शिरलेलंच नसतं, नुसतं बोगद्यातून गेलेलं असतं. (आपण आता आजी-आजोबा झालो, म्हणून सांगतो. नातवाने घड्याळातला बटणासारखा सेल गिळला असेल तर वाट पाहू नका, तसेच हॉस्पिटल गाठा. तो अन्ननलिका जाळतो.)

तर घास गिळला म्हणजे तो आपला झाला, असं नाही. नळीची भिंत ओलांडून रक्तात उतरला तर आपला. आपल्या आयांना हे ठाऊक होतं. "पोरगं खातं ढीगभर, पण अंगी काही लागत नाही," असं त्या म्हणायच्या. खाणं, पचणं आणि अंगी लागणं ही तीन वेगळी कामं आहेत, हे मराठी भाषेनेच सांगून ठेवलं आहे. आज मला बोलायचं आहे ते तिसऱ्या कामाबद्दल, कारण साठीनंतर बिनसतं ते बरेचदा तिथे.

आधी पहिली दोन कामं भराभर पाहू. भाकरीचा तुकडा चावत राहिलात तर थोड्या वेळाने गोड लागतो. लाळेतलं टायलिन पिष्टाची साखर करू लागतं, म्हणून. दिवसाला एक ते दीड लिटर लाळ आपण तयार करतो. तिथून घास अन्ननलिकेत जातो. तो नुसता खाली पडत नाही, नळीचे स्नायू त्याला पुढे ढकलतात. म्हणून शीर्षासनात पाणी प्यायलं तरी ते जठरात पोचेल. प्रयोग करून पाहू नका, आता आपलं वय नाही.

जठर ही घुसळण्याची जागा. तिथलं आम्ल इतकं तीव्र असतं की अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू तिथेच मरतात, आणि त्या आम्लात पेप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे पाडतं. जठराची स्वतःची भिंत वाचते ती आतल्या चिकट बुळबुळीत थरामुळे. जठरात अंगी मात्र फारसं काही लागत नाही. मद्य हा एक अपवाद. त्याचा थोडा भाग तिथूनच रक्तात जातो, हे इथल्या काही जणांना अनुभवाने माहीत असेल. पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं, स्निग्ध पदार्थ रेंगाळतात. आज पुरी आणि श्रीखंड आहे, म्हणजे तीन-चार तासांची निश्चिंती.

खरं काम लहान आतड्यात. नाव लहान, पण लांबी सुमारे सहा मीटर. सुरुवातीलाच त्यात दोन पाट येऊन मिळतात. स्वादुपिंडाचा रस आम्ल शमवतो आणि पिष्ट, प्रथिनं, चरबी या तिघांनाही तोडतो. यकृतातून येणारं पित्त चरबीचे बारीक बारीक थेंब करतं. खरकट्या पातेल्यावरचं तेल साबणाने सुटतं, तसंच हे. मोठ्या तुकड्यांना भिंत ओलांडता येत नाही. पिष्टाची साखर, प्रथिनांची अमिनो आम्लं, चरबीची मेदाम्लं झाली की मगच दार उघडतं.

ही भिंत कशी आहे? आतून मखमलीसारखी. तिच्यावर एक मिलिमीटरही उंच नसलेल्या बोटांसारखे लाखो उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. त्या प्रत्येक उंचवट्याच्या पेशींवर आणखी सूक्ष्म केस. या घड्या उलगडल्या तर टेनिसचं मैदान व्यापतील, असं आम्हाला मेडिकलला शिकवलं होतं. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजदाद केली, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचं आतलं क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरलं. म्हणजे साधारण ३४५ चौरस फूट. मुंबईकरांच्या भाषेत वन रूम किचन. पोटाच्या पोकळीत एवढी जागा घडी घालून ठेवली आहे आणि तिच्यावरचा पेशींचा थर दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो. मागच्या रविवारी जेवलात ती भिंत आज नाही.

भिंतीपलीकडे गेलेली साखर आणि अमिनो आम्लं थेट सगळ्या शरीरात जात नाहीत. एका खास शिरेतून ती आधी यकृतात पोचतात. हा आपला जकात नाका. काय साठवायचं, काय पुढे सोडायचं, कशातलं विष काढायचं, हे तिथे ठरतं. चरबी मात्र बहुतांशी हा नाका चुकवून लसीकावाहिन्यांच्या आडवाटेने रक्तात येते.

आता एक आकडा सांगतो, तो लक्षात ठेवा. आपण दिवसाकाठी अन्नपाण्यातून साधारण दोन लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा स्वतःचा रस मिळून आणखी सुमारे सात लिटर त्याच नळीत ओतले जातात. म्हणजे नऊ लिटर. आणि शौचावाटे बाहेर पडतं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं पाणी आतडी परत शोषून घेतात. हा हिशेब एक दिवस बिघडला तर काय होतं, याचं नाव कॉलरा. त्या जंतूचं विष आतड्याच्या पेशींना उलटं पाणी ओतायला लावतं आणि धडधाकट माणूस काही तासांत सुकून जातो.

पण या भिंतीत एक दार असं आहे की ते कॉलऱ्यातही बंद होत नाही. ग्लुकोजचा एक कण आणि मिठातलं सोडियम ही जोडी त्या दाराशी एकत्र आली, तरच ते उघडतं. दोघं आत गेले की पाणी त्यांच्या मागोमाग जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथे ही कल्पना मांडली. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना ग्लुकोज आणि क्षारांचं पाणी पाजून ती खरी करून दाखवली. तरी डॉक्टरमंडळींचा विश्वास सलाईनवरच होता.

मग आलं १९७१. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. रुग्ण जमिनीवर पडलेले आणि सलाईनचा साठा संपत आलेला. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्या खाली आला. त्याआधी हे पाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जात होतं. आता ते आईच्या हातात आलं. २०२२ साली महालनबीस गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, ती हीच.

घरी पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. अंदाजपंचे नको. मीठ जास्त झालं तर घातक आणि साखर जास्त झाली तर ती आतड्यातच उलटं पाणी ओढते. म्हणूनच जुलाब होत असताना बाटलीतलं गोड शीतपेय चालत नाही. पुडी आणा आणि तिच्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात एका वेळी कालवा. अर्धी पुडी पेल्यात टाकू नका.

आता आपल्याकडे येतो. आपण सारे साठीच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे. ताटात तेच आहे, भूक बरी आहे, पण सगळंच पूर्वीसारखं अंगी लागत नाही. यातलं सर्वांत लबाड म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. अन्नात ते प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातल्या आम्लाने ते सुटतं, मग जठरानेच बनवलेल्या एका वाहक प्रथिनाचं बोट धरतं आणि सहा मीटर आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं. या साखळीतली एक कडी तुटली तरी काम अडलं. वयानुसार अनेकांचं आम्ल कमी होतं. ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं रोज सकाळी गोळी घेणाऱ्यांचं आम्ल तर आपणच कमी केलेलं असतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही बी-१२ कमी होऊ शकतं. शिवाय आपल्यातले बरेच जण शाकाहारी. वनस्पतींत ते नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतच मिळतं.

यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो, म्हणून तुटवडा दबक्या पावलांनी येतो. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, थकवा, विसराळूपणा. आपण म्हणतो, "वय झालं." घरचेही तेच म्हणतात. वय झालेलं असतंच, पण ते कारण असेलच असं नाही. साधी रक्ततपासणी आहे, उपचार स्वस्त आहेत. उशीर झाला तर मात्र मज्जातंतूंचं नुकसान पुरतं भरून येत नाही. घरी गेल्यावर स्वतःच्या गोळ्यांची चिठ्ठी काढा. ॲसिडिटीची गोळी किती वर्षं चालू आहे आणि ती अजून लागते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका, पण विचारा.

दुसरं लोह. पालेभाजी आणि कडधान्यांतलं लोह मुळातच जड पावलांनी शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातली टॅनिनं ते अडवतात. लिंबू पिळलं तर तेच लोह सोपं होतं. मटकीला मोड आणले की लोह धरून ठेवणारा फायटेट हा घटक कमी होतो. ताटात डावीकडे लिंबाची फोड आणि वाटीत मोडाची उसळ असते, त्यामागे एवढं रसायन आहे.

पण एक इशारा. आपल्या वयात हिमोग्लोबिन उतरलं तर नुसती लोहाची गोळी सुरू करून गप्प बसू नका. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह का कमी झालं, हे शोधलंच पाहिजे. कधी आतड्यात कुठेतरी नकळत रक्त झिरपत असतं आणि त्यामागे व्रण असतो, कधी कर्करोग. न प्रयत्न करता वजन उतरणं, शौचात रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, गिळताना अडकणं, कित्येक वर्षांची शौचाची सवय अचानक बदलणं, यातलं काहीही झालं तर चूर्णावर दिवस काढू नका. लवकर सापडलेला आतड्याचा कर्करोग बरा होऊ शकतो.

संयोजकांनी घाबरवू नका म्हटलं होतं, म्हणून इथेच थांबतो. गुरुजनहो, आकृतीतल्या भागांना नावं देणं तुम्ही आम्हाला शिकवलंत. त्याच भागांची आता आम्हाला काळजी घ्यायची आहे, आणि तुम्हीही घ्या, ही विद्यार्थ्यांच्या वतीने विनंती. संयोजकांनी चहा साडेतीनला ठेवला आहे, म्हणजे जेवणानंतर पुरेसं अंतर राहिलं. लोहाच्या दृष्टीने त्यांचं अभिनंदन. ज्यांना बी-१२ची तपासणी कधी केली ते आठवत नाही, त्यांनी चहाच्या वेळी मला येऊन भेटा. फी नाही.