तिहेरी शर्यतीची सायकल : माप आणि चाल

इ. स. 1978 च्या फेब्रुवारी महिन्यांत हवाई द्वीपसमूहांतील ओआहू बेटावर 15 माणसें एका विलक्षण शर्यतीसाठीं जमलीं. समुद्रांत सुमारें 3.9 किलोमीटर पोहावयाचें, मग सायकलवरून सुमारें 180 किलोमीटरांची मजल मारावयाची, आणि उतरल्यावर 42 किलोमीटरांची मॅरेथॉन धांवावयाची. हें सारें एका दिवसांत. 12 जण शेवटास पोहोंचले. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलर याला 11 तास, 46 मिनिटें व 58 सेकंद लागले. या शर्यतीसाठीं म्हणून निराळी सायकल असावी, ही कल्पनाच त्या वेळीं जन्मास आलेली नव्हती.

आज ती सायकल दुकानांत लटकलेली दिसते आणि तिची किंमत कित्येक लाखांच्या घरांत जाते. गोव्यांत 2019 सालीं या शर्यतीची निम्म्या अंतराची आवृत्ति झाली. तेव्हां मुंबई-पुण्याच्या गृहस्थांनाहि हा विषय आतां अगदींच परका राहिलेला नाहीं. एवढा पैसा खर्चून घेतलेली सायकल दोन महिन्यांत मान आणि कंबर धरून बसावयास लावते, असा अनुभव ज्यांना येतो त्यांची चूक बहुधा एकच असते. त्यांनीं चौकट पाहिलेली असते, पण स्वतःला त्या चौकटींत पाहिलेलें नसतें.

मुळांत या शर्यतीचा स्वभाव ध्यानांत घ्यावयास हवा. तिच्या दीर्घ प्रकारांत दुसऱ्या स्वाराच्या आडोशानें जाण्यास मनाई असते. ज्यानें त्यानें आपला वारा आपणच फोडावयाचा. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठीं लागणारी शक्ति आठपट होते. या विरोधाचा मोठा वांटा सायकलीचा नव्हे, तर वर बसलेल्या माणसाच्या देहाचा असतो. म्हणून स्वार पुढें काढलेल्या दांड्यांवर दोन्ही कोपरें टेकून, पाठ आडवी करून जवळजवळ पालथा होतो. या दांड्या तिहेरी शर्यतवाल्यांनीं प्रथम आपल्याशा केल्या. पुढें 1989 च्या फ्रान्स-प्रदक्षिणेंत शेवटच्या दिवशीं 50 सेकंदांनीं मागें असलेल्या ग्रेग लेमाँ यानें व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतच्या 24.5 किलोमीटरांत त्याच दांड्या वापरून सारी प्रदक्षिणा 8 सेकंदांनीं जिंकली, तेव्हां जगाचे डोळे उघडले.

परंतु साध्या सायकलीला नुसत्या दांड्या जोडल्यानें काम भागत नाहीं. सीटखालची नळी साध्या चौकटींत सुमारें 73 अंशांनीं मागें कललेली असते. तशा बैठकीवरून माणूस पुढें ओणवा झाला कीं मांड्या पोटाशीं भिडतात, श्वास कोंडतो आणि पायांचा जोर अर्धवट राहतो. 1989 सालीं अमेरिकेंत डॅन एम्पफील्ड यानें या शर्यतीसाठींच बांधलेली सायकल बाजारांत आणली. तींत ही नळी पुष्कळच उभी केलेली होती. त्यांतील युक्ति समजण्यास सोपी आहे. खुर्चींत बसलेला मनुष्य खुर्चीसकट पुढें कलंडविला, तर त्याच्या मांडीचा व धडाचा परस्परांतील कोन बदलत नाहीं; केवळ सारा देह पुढें फिरतो. येथें तो पेडलांच्या आंसाभोंवतीं फिरतो, एवढेंच. आंसापासून सीट 75 सेंटिमीटर उंच असेल, तर 73 अंशांऐवजीं 78 अंश केल्यानें ती सुमारें 6 सेंटिमीटर पुढें सरकते. सहा सेंटिमीटर ऐकावयास क्षुल्लक वाटतात. पण बैठकींत तो फरक एखाद्या निराळ्या सायकलीइतका असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, मग जुन्या सायकलीचीच सीट पुढें ढकलावी. पुष्कळजण तसें करतातहि. पण देह पुढें गेला कीं त्याचा भार पुढच्या चाकावर जातो, आणि तें चाक मात्र जुन्याच जागीं राहतें. मग उतारावर हँडल चंचल होतें व मागचें चाक हलकें पडतें. चांगल्या तिहेरी चौकटींत पुढचें चाकहि पेडलांपासून दूर नेलेलें असतें, तें याचकरितां. माप आणि चाल हे दोन निराळे प्रश्न नव्हेत, हें येथें दिसून येतें.

चौकटीवर लिहिलेला आंकडा, म्हणजे 54 किंवा 56, यावर मात्र फारसा विश्वास ठेवूं नये. दोन कारखान्यांच्या 56 च्या चौकटी शेजारीं ठेवल्या, तर त्यांच्या उंचींत दोन-तीन सेंटिमीटरांची तफावत सहज निघते. पाहावयाचीं मापें दोन : पेडलांच्या आंसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची, आणि तेथपर्यंतचें आडवें अंतर. सायकलवाले यांना स्टॅक व रीच म्हणतात. हीं दोन मापें सीटच्या जागेवर अवलंबून नसल्यामुळें कोणत्याहि दोन चौकटींची तुलना त्यांवरून प्रामाणिकपणें करतां येते.

आधीं चौकट पसंत करून मग तींत देह बसविणें, हा उलटा क्रम होय. प्रथम मापें घेण्याच्या अचल सायकलीवर बसून, जी बैठक दीर्घकाळ टिकेल ती ठरवावी. कोपर टेकण्याच्या गाद्यांची आंसापासूनची उंची व अंतर लिहून घ्यावें. आणि मग तीं मापें ज्या चौकटींत साध्या जुळणीनें येतील ती निवडावी. हँडलखालीं चकत्यांची उतरंड रचावी लागली, किंवा हँडल जोडणारी नळी अगदीं आंखूड घ्यावी लागली, कीं ती चौकट त्या देहाची नव्हे असें समजावें. चित्रांत दिसणाऱ्या विजेत्यांइतकें खालीं वांकण्याचा हव्यासहि येथें नडतो. जो स्वार पहिल्या तासानंतर मान दुखते म्हणून उठून बसतो, त्याच्या खालची चौकट वाऱ्याच्या परीक्षेंत कितीहि उत्तम ठरलेली असो, तिचा त्याला उपयोग नाहीं.

आतां चालीविषयीं. "ही चौकट मऊ चालते, ती कडक चालते," असें दुकानांत छातीठोकपणें सांगण्यांत येतें. वस्तुतः खड्ड्याचा धक्का जिरविण्यांत टायरचा वांटा चौकटीपेक्षां कितीतरी मोठा असतो. दोन सायकली तपासावयाच्या तर चाकें, टायर व त्यांतील हवेचा दाब सारखा करून घ्यावा. सीटहि तीच ठेवावी. एवढें केल्यावर चौकटींचे पुष्कळसे गाजावाजा झालेले भेद नाहींसे होतात. उरतो तो भेद बहुतेक सुकाणूचा, आणि तोच महत्त्वाचा. कोपरें टेकलेलीं असतां हात ब्रेकांपासून दूर असतात. अशा वेळीं पुलावर किंवा दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेंत बाजूनें वाऱ्याचा झोत आला, तर सायकल किती ढळते? एका हातानें पाण्याची बाटली काढून, पिऊन, परत ठेवतां येते कीं नाहीं? मागें वळून पाहतांना चाक रेषा सोडतें काय? पांच मिनिटांच्या फेरींत यांतलें कांहींच कळत नाहीं. किमान तासभर, आणि त्यांतील बहुतेक वेळ ओणवें राहून, सायकल चालविली पाहिजे.

आणि तासानंतर उतरून लगेच दहा-पंधरा मिनिटें धांवावें. 2000 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगांत मोजक्या स्पर्धकांनीं 73 व 81 अंशांच्या बैठकींवर प्रत्येकीं 40 किलोमीटर सायकल चालवून मग 10 किलोमीटर धांव घेतली. उभ्या बैठकीनंतरची धांव अधिक वेगाची निघाली. तेवढ्यावरून सर्वांसाठीं नियम बांधतां येत नाहीं; प्रत्येकाची कंबर निराळी. परंतु धांवतांना पहिल्या किलोमीटरांत पाठ सरळ होते कीं नाहीं, हें ज्याचें त्याला निश्चित कळतें. दुकानदार एवढा वेळ सायकल देण्यास राजी नसेल, तर त्याच मापाची एखाद्या स्नेह्याची सायकल एका रविवारीं मागून घ्यावी, आणि तोंवर पैसे खिशांतच ठेवावे.