दोराचे दुसरे टोक

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कामगारांच्या जयंती मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला कामगारांची सुरक्षितता आणि प्रशिक्षण हा विषय दिला आहे. मी काही वक्ता नव्हे. एकतीस वर्षे फिटर म्हणून हातात पाना धरला, शेवटची काही वर्षे सुरक्षा समितीवर कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बसलो, एवढीच माझी पात्रता. तेव्हा पुस्तकी बोलणार नाही. एकच गोष्ट सांगणार आहे, ती मात्र आपण घरी घेऊन जावी ही विनंती.

आजचा दिवस १४ एप्रिल. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. त्या जहाजावर दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. आग विझवायला अग्निशमन दलाचे जवान धावले. दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. हे खाते त्यांनी १९४२ ते १९४६ असे सांभाळले, खाणकामगारांची स्थिती पाहायला ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले, आणि कामाचा आठवडा ४८ तासांचा करणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. कामगाराच्या जिवाचा विचार आजच्या दिवशी करणे म्हणजे जयंतीचेच काम करणे आहे, असे मी मानतो.

गोदीतली गोष्ट मी सांगितली ती एवढ्यासाठी, की वाचवायला धावणारा माणूसच पुष्कळदा आधी जातो. यासाठी मुंबईपर्यंत जायला नको. मार्च २०२३ मध्ये आपल्या बारामती तालुक्यातल्या खांडज गावात शेणाच्या टाकीत एकामागून एक असे चौघे गेले. एक आत अडकला, त्याला काढायला बाकीचे उतरले. चौघांतले तिघे एकाच घरातले. त्यांच्या अंगात धाडस कमी होते का? माया कमी होती का? दोन्ही भरपूर होते. टाकीतली हवा काय करते, हे त्यांना कोणी कधी शिकवलेले नव्हते, एवढेच.

आता माझा अनुभव सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. हंगाम संपल्यावर मळीची टाकी धुवायची होती. आमच्यातला एक जण शिडीने खाली उतरला, दोन मिनिटे बोलत होता, मग बोलणे थांबले. वाकून पाहिले तर तो गुडघ्यावर बसल्यासारखा दिसला. मी शिडीवर पाय ठेवला. इतक्यात बॉयलरवरच्या एका वडीलधाऱ्या कामगाराने मागून माझी कॉलर धरली आणि कचकचीत शिवी हासडली. म्हणाला, "एक गेला, आता दुसरा द्यायचा काय?" ब्लोअर आणून आत हवा सोडली, दोर बांधून माणूस उतरवला, मित्राला वर काढले. पण वेळ निघून गेली होती. त्याच्या तेराव्याला मी भिंतीकडे तोंड करून बसलो. लोक कुजबुजत होते, की हा काठावर उभा राहिला आणि मित्राला मरू दिले. बंधूंनो, ती कॉलर धरली नसती तर त्या दिवशी दोन तिरड्या निघाल्या असत्या. हे मला पुढे प्रशिक्षणात कळले, आणि तेव्हाच मनावरचे ओझे थोडे उतरले.

टाकीत होते काय, ते समजून घ्या. आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा धोक्याची समजतात. दहाच्या खाली गेला तर माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. मळी आंबली, शेण कुजले, गाळ साचला, की कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. दोन्ही हवेपेक्षा जड, तळाशी बसतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की हा वायू नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजून माणूस उतरतो आणि फसतो. शिवाय गाळात कोंडलेला वायू गाळ ढवळताच एकदम सुटतो. म्हणून "काल उतरलो होतो, काही झाले नाही" या बोलण्याला काही अर्थ नाही. तोंडाला फडके बांधून उपयोग नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही सोडा. शेणाच्या टाकीत पेट घेणारा मिथेनही असतो, आणि विषारी वायू कंदिलाला कळत नाही.

आपल्याकडे कारखान्यात आणि रेल्वेत मदतनिसाला खलाशी म्हणतात. शब्द मूळचा दर्यावरचा. दर्यावरचा खलाशी आणि जमिनीवरचा खलाशी यांच्यात फरक काय, ते पाहा. जहाजावर नोकरी धरण्यापूर्वी पाण्यात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार कसे करायचे, याचे मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारात १९९५ मध्ये मोठी सुधारणा झाली, तेव्हापासून हे बंधन पक्के झाले. आणि १ जानेवारी २०१५ पासून, जहाजावर ज्यांच्याकडे कोंडलेल्या जागेत उतरण्याचे किंवा तिथून माणूस काढण्याचे काम आहे, त्यांना दर दोन महिन्यांनी त्याची कवायत करावीच लागते. कारण तिथेही हेच घडत होते. एक खलाशी टाकीत पडे आणि त्याच्यामागे दुसरा उडी घेई. दर दोन महिन्यांनी! आपल्या कंत्राटी कामगाराला हे आयुष्यात एकदा तरी मिळते का?

ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत विहिरीचे काम चालू असताना कडा ढासळून चार मजूर गाडले गेले. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात करमाळ्याच्या कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. टाकी, विहीर आणि पाणी, तिन्ही ठिकाणी रोज उतरणारे आपलेच लोक. मोठ्या कंपनीच्या फाटकावर हेल्मेट आणि बूट मिळतात, पण सर्वांत धोक्याचे काम बहुधा फाटकाबाहेरच्या रोजंदारीवाल्याच्या वाट्याला येते आणि त्याला शिकवायला कोणी नसते.

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमात लिहिले होते, की टाकीतला वायू काढून, जाणकाराने तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय कोणी आत उतरू नये. नाहीतर श्वसनयंत्र लावावे, कमरेला पट्टा आणि दोर असावा, आणि दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने धरलेले असावे. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये त्याच कायद्यात प्रशिक्षण मिळण्याचा कामगाराचा हक्कही घातला गेला. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचे नाव बदलले, टाकीतल्या हवेचा स्वभाव बदललेला नाही. गटार आणि सेप्टिक टँकच्या बाबतीत तर २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. संरक्षणाच्या साधनांशिवाय त्यात माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण भरपाई घ्यायला वारस उरतात, माणूस उरत नाही.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. टाकी, खड्डा, चेंबर, यांत वायू मोजल्याशिवाय उतरू नका. मीटर नसेल तर काम यंत्राने करा, किंवा करू नका. ब्लोअरने हवा खेळती ठेवा, काम संपेपर्यंत ठेवा. पट्टा आणि दोर बांधूनच उतरा, आणि वर किमान दोन माणसे अशी ठेवा जी जागा सोडणार नाहीत. आतला माणूस बोलायचा थांबला, तर दोराने ओढा, हवा सोडा, १०१ आणि १०८ ला फोन करा, पण मागोमाग उतरू नका. बोटीत बसताना जॅकेट आधी अंगावर, मग पाय बोटीत.

मागोमाग न उतरणे हे भ्याडपण नव्हे. करुणा तर आपल्या रक्तात आहे, पण प्रज्ञेची जोड नसलेली करुणा एका प्रेताची चार प्रेते करते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. काठावर थांबलेल्या माणसाला नावे ठेवू नका. दोर त्याच्याच हातात असतो.

संस्थेला माझी एक सूचना आहे. दरवर्षी गळीत हंगामाच्या आधी एक दिवस कामगारांसाठी ठेवावा, अग्निशमन दलाच्या जवानांना बोलवावे, आणि प्रत्येकाकडून दोराने माणूस वर काढण्याची कवायत करून घ्यावी. ऐकून हे येत नाही, हाताला सवय लागावी लागते. वर्गणीतून दोर, पट्टा, तिपाई आणि ब्लोअर घेऊन ठेवावा. ज्याला लागेल त्याने न्यावा, परत आणून द्यावा. सुरुवातीला माझे पाच हजार रुपये मी आज कोषाध्यक्षांकडे देत आहे.

आणि माता-भगिनींनो, तुम्हाला एक मागणे. उद्या घरचा माणूस टाकीच्या कामाला निघाला, तर डबा देताना एवढेच विचारा, "दोर कोण धरणार आहे?" त्याला उत्तर देता आले नाही, तर डबा परत ठेवा. एका दिवसाची मजुरी बुडेल. ती भरून काढता येते.