पानाला डोळा नसतो, तरी कोंब फुटतो

आजचा विषय आटपाडी, जत, माण, खटाव इथल्या अनेकांच्या घरचा आहे: डाळिंब. 'टिश्यू कल्चरचं रोप लावा, तेल्या येत नाही' असं तुम्हीही ऐकलं असेल. रोप जरूर लावा, पण 'तेल्या येत नाही' हे मला पटत नाही. का, ते सांगतो.

उसाच्या कांडीला डोळा असतो, तिथून कोंब फुटतो. पानाला डोळा नसतो. तरीही 1987 मध्ये जपानी संशोधकांनी डाळिंबाच्या पानाच्या तुकड्यांपासून कोंब मिळवले. तुकडा निर्जंतुक करून बाटलीत आगर, साखर आणि क्षारांच्या माध्यमावर ठेवायचा. सायटोकायनिन हे संप्रेरक जास्त असलं की सहसा कोंब येतात, ऑक्झिन जास्त असलं की मुळं. डाळिंबाची एक खोड आहे: कापलेल्या जागेतून फिनॉल सुटतं, माध्यम काळं पडतं आणि तुकडा मरू शकतो. म्हणून तो ताज्या माध्यमावर हलवत राहावं लागतं.

मग विक्रीची रोपं पानापासून का करत नाहीत? पानातली पेशी आधी पानपण सोडते, मग नव्याने कोंब घडवते. या प्रवासात गुण बदलू शकतात. लावला भगवा आणि फळ निघालं वेगळंच, तर कळेपर्यंत दोनेक वर्षं गेलेली! त्यामुळे रोपांसाठी डोळा असलेलं पेर किंवा शेंडा वापरतात. पानाचा मार्ग नवे गुण शोधणाऱ्या संशोधकांच्या कामाचा.

आता तेल्या. हा जीवाणूजन्य रोग. रोगट झाडावर गुटी बांधली की रोपाबरोबर रोगही नव्या बागेत जातो. चांगल्या लॅबचं रोप ही साखळी तोडतं. पण ते रोप भगव्याचंच, त्याची प्रतिकारशक्तीही तीच. पावसाचे शिंतोडे, न धुतलेली कात्री, शेजारची रोगट बाग यांतून तेल्या येऊ शकतो. स्वच्छ सुरुवात विकत मिळते, कायमचं संरक्षण नाही.

म्हणून घरी रोपांची बोलणी चालली असतील, तर तीन प्रश्न विचारा. मातृवृक्षाची रोगतपासणी झाली का? रोप कोणत्या भागापासून केलं? शेडनेटमध्ये किती दिवस हार्डनिंग झालं? उत्तरं मिळाली की मगच पैसे द्या, आणि पक्कं बिल घ्या.

भेटू पुढच्या भागात!