पहिला गेमिंग पीसी: पार्ट्स निवडताना मे महिना आठवा

आजचा एपिसोड एका मेसेजवरून सुचला. सेवाग्रामला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका श्रोत्यानं विचारलंय, "दादा, कापूस विकला की घरून पीसीसाठी पैसे मिळणार आहेत. एकदाच मिळतील. यूट्यूबवर एक पार्ट्सची यादी आवडली, तशीच घेऊ का?"

माझं उत्तर असं, की यादी घ्या, पण ती आपल्या मे महिन्यातून आणि आपल्या लाइटीतून पास होते का ते आधी बघा. दिल्ली-बेंगळुरूच्या एसी खोलीत बनलेली यादी वर्ध्याच्या ४५ डिग्रीत तशीच चालेल, हे गृहीत धरू नका. आणि पैसे एकदाच मिळणार असतील, तर जळालेला पार्ट दुसऱ्यांदा घेता येत नाही राजेहो.

सुरुवात गेमपासून करा. तुम्ही काय खेळता आणि कोणत्या स्क्रीनवर? स्क्रीन ६० हर्ट्‌झची असेल तर ती सेकंदाला ६० फ्रेमच दाखवते. त्यावर २०० फ्रेम काढणारं कार्ड घेतलं, तर बराचसा पैसा दिसतच नाही. फक्त व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळायचा असेल, तर रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या. त्यात ग्राफिक्स आतच असतं. कार्ड पुढच्या वर्षी लावा. इथं एक अक्षर नीट वाचा. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. जी नसलेल्या साध्या ५६००चंही तेच.

मोठे गेम खेळायचे असतील तर सगळ्यात जास्त पैसा ग्राफिक्स कार्डाला द्या. फुल एचडीसाठी सहा कोअरचा प्रोसेसर पुरतो. रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन पट्ट्या. एकाच १६च्या पट्टीपेक्षा दोन पट्ट्या जास्त वेगानं डेटा देतात, आणि आतल्या ग्राफिक्सवर खेळत असाल तर हा फरक ठळक दिसतो. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव एकदम चढले, त्यामुळे जुन्या व्हिडिओतला हिशोब धरू नका. आणि डीडीआर४ बोर्डात डीडीआर५ बसत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आता उन्हाचं गणित. पंखा असलेला कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो चिपची उष्णता फक्त खोलीत सोडतो. समजा रिव्ह्यू करणाऱ्याच्या खोलीत २२ डिग्री आहे आणि चिप ७२ला पोचली. फरक झाला ५०चा. तुमच्या खोलीत दुपारी ४० असेल, तर तीच चिप ९०च्या आसपास जाणार. रायझन ५ ५६००ची कमाल मर्यादा ९० डिग्रीच आहे. तिथं पोचली की ती स्वतःच वेग कमी करते. मग गेम अडखळतो आणि तुम्हाला वाटतं कार्ड खराब निघालं.

म्हणून कॅबिनेट घेताना समोर अख्खी काच असलेलं टाळा. जाळीचं घ्या. हवा आत ओढणारे दोन पंखे पुढे, बाहेर टाकणारा एक मागे. सेवाग्रामच्यांनी बापूकुटी पाहिलीच असेल. मातीच्या भिंती, वर कवेलू, हवेला यायला वाट आणि जायला वाट. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले तेव्हाही वर्ध्याचं ऊन हेच होतं. डबा कुठलाही असो, हवेची वाट आधी आखायची.

आपल्याकडच्या कूलरचं काय? खोली गार होते, म्हणून पीसीलाही फायदाच. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. त्यात ओलावा असतो, कधी थेंबही उडतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार मागे उरतो. घरात कापूस साठवलेला असेल तर त्याचा तंतू जाळीवर बसतो. महिन्यातून एकदा फिल्टर काढून झटका.

आता पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस. पैसे वाचवायला लोक पहिली कात्री इथंच लावतात आणि नुकसानही इथंच मोठं होतं. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा, नाव नसलेला सप्लाय गेला तर बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो. वॉटचा हिशोब सोपा आहे. आरटीएक्स ४०६० जास्तीत जास्त ११५ वॉट घेतं, ५६०० हा ६५ वॉट वर्गातला प्रोसेसर. बाकी सगळं धरून २५०च्या आसपास. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. तेवढा पुरे, ७५०च्या मागे लागू नका. वाचलेल्या पैशात चांगल्या कंपनीचा, मोठ्या वॉरंटीचा घ्या. '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. आतलं संरक्षण किती चांगलं, ते त्यावरून कळत नाही.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट वेगळे असतात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, तोही काही मिनिटं. सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरतं, मॅच संपवायला नाही. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो 'नॉर्मल करंट' नाही. अर्थिंग नाहीये. इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी ते करून घ्या. हा खर्च पार्ट्सच्या यादीत नसतो, पण तोही पीसीचाच खर्च आहे.

खरेदी नागपूरला सीताबर्डीत करा किंवा ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो. ऑनलाइनचा डबा उघडताना व्हिडिओ काढा. पैसे कमी पडत असतील तर स्टोरेज ५०० जीबी घ्या, लाइटिंग सोडा, कार्ड एक पायरी खालचं घ्या. हे सगळं नंतर बदलता येतं. सप्लाय, हवा आणि अर्थिंग यांत मात्र काटकसर नको.

तर मंडळी, आज एवढंच. तुमची यादी पाठवताना पार्ट्ससोबत गाव आणि दुपारी खोलीत किती तापतं तेही लिहा. पुढच्या भागात जोडणी करू, स्क्रू ड्रायव्हर तयार ठेवा!