बेकार, बेरोजगार आणि निरुद्योगी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या माझ्या विषयाचा आरंभ कोशात झाला नाही. तो याच मल्लेश्वरममधील आमच्या बिऱ्हाडाच्या दारात झाला. मी तेव्हा शाळेत जात होतो. वडील ज्या कारखान्यात फिटर होते, तो बंद पडला होता. शेजारच्या कन्नड बाई कोणाशी तरी बोलताना म्हणाल्या की, यांचे यजमान सध्या 'निरुद्योगी' आहेत. आईने ते ऐकले आणि चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला. त्या बिचारीला आपला अपराध काय, हेच कळेना. अखेर वडिलांनीच उलगडा केला. कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरी. नोकरीसाठी नाव नोंदविण्याच्या सरकारी कचेरीलाही तेथे 'उद्योग विनिमय केंद्र' म्हणतात. नोकरी नाही तो निरुद्योगी. त्यात निंदा नाही. मराठीत मात्र या शब्दाला आळसाचा वास येतो. शब्द एकच, संस्कृतातून दोन्ही घरी आलेला. पण एका घरी तो माणसाची परिस्थिती सांगतो, तर दुसऱ्या घरी त्याचा स्वभाव.

आपला नित्याचा शब्द 'बेकार'. तो फार्सीतून आला. 'कार' म्हणजे काम. बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, त्या काळी मराठी दप्तरात फार्सी शब्दांची रेलचेल होती. पुढे शिवाजी महाराजांनी त्यांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' रघुनाथपंतांकडून करविला. तरीही कितीतरी फार्सी शब्द मराठीत कायमचे रुजले, त्यांतलाच हा एक. मूळ अर्थाने तो निरुपद्रवी आहे : ज्याला काम नाही तो. परंतु आज आपण नाटक बेकार म्हणतो, भाजी बेकार झाली म्हणतो. 'काम नसलेला' या अर्थावरून शब्द 'कामाचा नसलेला' या अर्थावर घसरला. एखाद्या तरुणाला आपण बेकार म्हणतो, तेव्हा दोन्ही अर्थ त्याच्या कानी एकदमच पडतात.

'बेरोजगार' हा शब्द त्या मानाने न्यायी आहे. त्यात उणीव रोजगाराची आहे, माणसाची नव्हे. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राबविली गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. मागणारा आळशी नाही, हे त्यात गृहीतच होते. तोच विचार पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यात देशभर गेला.

1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातील हजारो कामगार पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आपल्या या शहरात 1961 मध्ये सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ-उद्योग बंद करण्यास 2016 मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्या दिवशी कोणाच्या बोटांतील कसब नाहीसे झाले काय?

'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही म्हण आपण हसण्यासाठी वापरतो. मला तिच्यात वेदना दिसते. न्हाव्याजवळ तुंबडी आहे, विद्या आहे. नाही ते गिऱ्हाईक. हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून तो कुडाकडे वळतो. माझे वडील त्या दिवसांत रोज सकाळी कानशी आणि पाने पुसून, तेल लावून पुन्हा पेटीत ठेवीत. त्याच वर्षी त्यांनी एका अर्जावर 'व्यवसाय' या रकान्यात 'फिटर' असे लिहिले. मी म्हणालो, "बाबा, पण आता तुम्हाला नोकरी नाही." ते म्हणाले, "नोकरी नाही. फिटर तर आहे ना?"

बंधुभगिनींनो, सभासदांच्या घरी नोकऱ्या लागतील आणि जातील. ते मंडळाच्या हाती नाही. परंतु हळदीकुंकवाला, गणेशोत्सवात, स्थळे पाहताना आपण कोणता शब्द उच्चारतो, ते आपल्या हाती आहे. "मुलगा बेकार आहे" असे म्हणण्याऐवजी "मुलगा अमुक शिकला आहे, काम शोधतो आहे" एवढे म्हणावे. वाक्य थोडे लांबते खरे; पण त्यात माणूस शाबूत राहतो. आणि त्या वाक्यानंतर ऐकणाऱ्याला कोठे काम असल्याचे आठवण्याचाही संभव असतो.

आईचा अबोला पाचव्या दिवशी सुटला. शेजारणीकडे ती वाटीभर साखर मागण्यास गेली. घरात साखर होती, हे मला ठाऊक होते.