पटावरचा डाव आणि कथेतले भांडण



कथेवर बोलावयाचे म्हणून आपण आम्हांस बोलावले आणि आम्ही पिशवीत पुस्तकाऐवजी एक कापडी पट, चार सोंगट्या आणि सात कवड्या घेऊन आलो. आपणांस हसू आले असेल; येऊ द्या. येथून जवळच्या वाशीम गावी, म्हणजे त्या काळच्या वत्सगुल्म नगरीत, काव्यपुरुषाचे आणि साहित्यविद्येचे लग्न लागले, असे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त लिहून ठेवले आहे. तेव्हा मंगरूळपीरकर म्हणजे त्या लग्नातले घरचेच वऱ्हाडी. आपल्यापुढे घरातली चूक सांगावयास संकोच कसला?

काही वर्षांपूर्वी आम्ही एक कथा लिहिली. दोन भाऊ, विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. थोरला धाकट्याची पाळी बुडवतो, धाकटा विहिरीवर जातो, भांडण होते. थोरला आम्ही असा रंगवला होता की तोंड उघडले की शिवीच. कथा छापून आली. ती वाचून एका शेतकऱ्याने आम्हांला एवढेच विचारले, "पन थोरल्याचं म्हननं काय होतं, भाऊ?"

आम्हांला उत्तर देता येईना. थोरल्याचे म्हणणे आम्ही कधी ठरवलेच नव्हते.

बुद्धिबळाचा डाव कधी एकट्याने मांडून पाहिला आहे का? पांढऱ्याची खेळी केली की पट फिरवून काळ्याच्या बाजूने बसावे लागते. आपल्या लाडक्या बाजूने जिंकावे म्हणून दुसरीकडून मुद्दाम भिकार खेळी केली, की डावात राम राहत नाही. कथेत आम्ही नेमके हेच केले होते. आणि खरे सांगावयाचे तर आपल्याकडच्या पुष्कळ कथांत हेच चालते. नायकाला जिंकवण्यासाठी समोरच्याला मूर्ख करून ठेवावयाचे!

म्हणून आम्ही पट मांडला. दोन भावांच्या दोन सोंगट्या. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिल्या: त्याला काय हवे, त्याला काय गमावण्याचे भय आहे, आणि त्याच्या हाती काय आहे. विहिरीवरची मोटार थोरल्याच्या पैशाची. त्याची संत्र्याची कोवळी झाडे वाळत होती आणि मुलीचे लग्न तोंडावर आले होते. विहीर खणताना धाकट्याने हाताची साले काढली होती. शिवाय म्हातारी आई त्याच्याकडे राहत होती, त्यामुळे गावाची सहानुभूती त्याच्या बाजूला. मग पाळीपाळीने खेळावयास बसलो. अट एकच, जो ज्याच्या बाजूने बसेल त्याने त्या माणसाला सुचेल ती उत्तमातली उत्तम खेळी करावयाची.

तिसऱ्या पाळीला थोरल्याने शिवी दिली नाही. त्याने आईला निरोप पाठवला, "चार दिवस माझ्याकडे राहायला ये." धाकट्याच्या हातचे बळच काढून घेतले, आणि त्याला तोंडातून ब्रही काढता येईना. घरात बसून शंभर पाने खरडली असती तरी ही खेळी आम्हांला सुचली नसती.

आता कवड्यांचे. दान कुठे टाकावयाचे? माणसाने काय ठरवावे यासाठी कधीही टाकू नये; त्यासाठी स्वभाव आहे. पण रात्री शेताची वीज टिकेल की जाईल, हे कोणाच्याच हातात नसते, आणि दोहोंपैकी काहीही झाले तरी कथा पुढे जाते. आम्ही कवड्या टाकल्या. वीज गेली! भांडायला पाणीच उरले नाही. अंधारात विहिरीच्या काठावर दोघे भाऊ तेवढे उरले.

परंतु सगळी भांडणे बुद्धिबळासारखी बरोबरीची नसतात. आपल्याकडचा वाघबकरीचा खेळ आठवा. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी मारतो. बकरी वाघाला मारू शकत नाही, सगळ्या मिळून फक्त त्याची वाट अडवतात. सावकार आणि कुळे यांची कथा लिहिणाराने हा खेळ अवश्य खेळावा. बकऱ्या वाघासारख्या उड्या मारू लागल्या की कथेचा बोलपट होतो.

युरोपातही ही युक्ती जुनी आहे, पण लढाईसाठी. प्रशियाच्या सैन्यातल्या राईसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात मधे एक पंच असे, आणि शत्रूची जी हालचाल खरोखर दिसली असती तेवढीच तो त्या त्या पक्षाला सांगे. लेखकाने हा पंच व्हावे; धाकट्याला ठाऊक नसलेले धाकट्याच्या तोंडी घालू नये. पुढे १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. त्यात प्रत्येक गडी एकेक पात्र होऊन बोलतो आणि शंकेच्या जागी फासा पडतो.

फासा म्हटला की सभापर्व आठवणारच. युधिष्ठिर धन हरला, एकेक करून भाऊ हरला, स्वतःला हरला, मग द्रौपदीला. तिला आणावयास निरोप्या गेला तेव्हा तिने उलट विचारले, आधी स्वतःला हरलात की मला? जो आपलाच धनी राहिला नाही त्याला मला पणाला लावता येते का? हा नियमाचा प्रश्न आहे. भर सभेत भीष्मांनाही त्याचे उत्तर देता आले नाही. पटावरची सोंगटी एकाएकी खेळायला बसली!

आणि हे लांबचे वाटत असेल तर आपल्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरचे 'लीळाचरित्र' उघडा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेला हा ग्रंथ. हरिपाळ, म्हणजे पुढचे चक्रधरस्वामी, जुगारात हरले आणि घरी येऊन पत्नीकडे दागिने मागू लागले. तिने दिले नाहीत. तेथून त्यांना विरक्ती आली. तिच्या एका नकाराने डाव फिरला.

हे वाचून आम्ही आमच्या पटाकडे पुन्हा पाहिले. आईची सोंगटी दोघे भाऊ सरकवीत होते आणि तिची चिठ्ठी आम्ही लिहिलीच नव्हती. 'तिला काय हवे' एवढे लिहून पुढचा कागद महिनाभर कोरा राहिला. मग एके दिवशी तिने आपली खेळी केली. ती थोरल्याकडे गेली नाही, धाकट्याकडेही राहिली नाही. गाठोडे घेऊन विहिरीजवळच्या खोपडीत जाऊन बसली.

आता पाळी कोणाची, याचा आम्ही अजून विचार करीत आहोत. पट येथे टेबलावर उघडाच ठेवतो. सभा संपल्यावर ज्यांना थोरल्याच्या बाजूने बसावयाचे असेल त्यांनी पुढे यावे.