मांडव्याच्या जेट्टीवरच्या गप्पा

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय दहशतवादाचा, भीतीचा आणि सुडाचा. जड आहे, पण मला तो पुस्तकातून नाही, मित्रांच्या गप्पांतून मिळाला. म्हणून तसाच सांगतो.

२०२५च्या जुलैअखेरीस आम्ही कॉलेजचे चौघं मित्र मांडव्याला गेलो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंद असतात, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं. जेट्टीवर उतरताच एकानं ‘अग्निपथ’मधल्या विजय दीनानाथ चव्हाणची नक्कल केली. मांडवा म्हटलं की लोकांना बापाच्या खुनाचा बदलाच आठवतो, काय करणार! आम्ही हसलो. एक जण हसला नाही.

त्याचा थोरला भाऊ ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासमध्ये होता. सात लोकल, सात स्फोट, १८०हून जास्त माणसं गेली. २०१५मध्ये विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. आणि आम्ही गेलो त्याच आठवड्यात, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तर २०२१मध्ये तुरुंगात असतानाच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं निकालाला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही, असंही सांगितलं.

चहा आला तेव्हा तो म्हणाला, “दहा वर्षं मी त्या फाशीची वाट बघितली रे. आता कुणाची बघू?”

मी, नेहमीची खोड, अश्वत्थाम्याची गोष्ट काढली. बापाला कपटानं मारलं म्हणून तो रात्री छावणीत शिरला आणि झोपलेल्यांना कापून काढलं. कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत फिरतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. भागवतात द्रौपदी म्हणते, सोडा याला, मी रडतेय तशी याची आई रडायला नको.

तो शांतपणे म्हणाला, “द्रौपदीसमोर गुन्हेगार बांधून आणला होता. माफ करायलाही माणूस लागतो. माझ्याकडे तोच नाहीये.”

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात फिरतेय. बॉम्ब ठेवणाऱ्याला त्याचा भाऊ कोण हे ठाऊकच नव्हतं. त्या डब्यातला कुणीही त्याला चालला असता. आणि खरा गुन्हेगार सापडला नाही की आपला रागही तसाच होतो, ‘त्यांच्यातला’ कुणीही चालतो. म्हणजे ज्यानं मारलं त्याचाच हिशेब आपण उचलतो की नाही?

हे मी मोठ्यांदा बोललो आणि फसलो. कारण चौथा मित्र मुरुडचा, कोकणी मुसलमान. तो इतका वेळ गप्प होता. आता म्हणाला, “२००६ला तू मला दोन महिने फोन केला नव्हतास.”

खरं होतं ते. त्याच्यावर संशय नव्हता माझा, शप्पथ. पण काय बोलायचं कळत नव्हतं, आणि लोकलमध्ये दाढीवाला शेजारी बसला की मी पुढच्या स्टेशनला डबा बदलायचो. ही भीती होती, एवढं म्हणून सुटता येत नाही. तिचा दाम मी नाही, दुसऱ्यानं मोजला.

तो पुढे म्हणाला, “९३ला शेखाडीला आरडीएक्स उतरलं, तेव्हा आमच्या अब्बांनी आम्हाला सांगितलं होतं, काही दिवस बाहेर मोठ्यानं हसू नका. २००६ला मीही त्याच लाईननं जायचो रे. बॉम्बची भीती मलाही होतीच. वर तुमची.”

कुणीच काही बोललं नाही. समोर पावसात मुंबई दिसत नव्हती, एरवी इथून रात्री तिचे दिवे दिसतात. ज्याचा भाऊ गेला त्यानं त्याच्याकडे बिस्किटांचा पुडा सरकवला आणि विचारलं, “मग तू तेव्हा एकटाच जायचास?”

“हो.”

“मला सांगायचं ना.”

“तुझ्या घरी सुतक होतं.”

परतीच्या बोटीची वेळ झाली. रो-रोवर ते दोघं वरच्या डेकवर कठड्याला टेकून भिजत उभे होते. मी आत बसलो होतो. काय बोलत होते, मी विचारलं नाही.